डिझेल बिघडते कुठे? पंपावर की पिंपात?



मिरग पडला, तरवा वर आला आणि चिखलणीची घाई सुरू झाली की आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. "साहेब, अमक्या पंपाचे डिझेल घातले की टिलर धापा टाकतो. तमक्या पंपाचे घातले की कसा खणखणीत चालतो." कुणी सांगतो, हायवेवरच्या पंपाचे डिझेल चांगले. बांदा-सावंतवाडीकडची मंडळी सांगतात, गोव्याचे स्वस्त पण हलके. कुणाचा एका कंपनीवर विश्वास, तर कुणाचा दुसरीवर. प्रत्येकाचे अनुभव खरे असतात, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष पुष्कळदा चुकतो. मी स्वतः एकदा तो चांगलाच चुकवला आहे. आज तीच गोष्ट आधी सांगतो.

भर बाजारात केलेला आरोप

नोकरीला लागून चार-पाच वर्षे झाली होती. मालवण तालुक्यात गड नदीच्या काठच्या एका गावी लावणीच्या दिवसांत मी गेलो होतो. एका शेतकऱ्याचा पावर टिलर दोन दिवस बंद पडला होता. चिखल अर्धा झालेला, लावणीला बायका बोलावून ठेवलेल्या आणि तरवा महिन्याचा होऊन गेलेला. भाताचा तरवा तीन-साडेतीन आठवड्यांत लावला तर फुटवे चांगले येतात, हे आम्हीच सांगत असतो. एकेक दिवस मोलाचा होता. मेस्त्री म्हणाला, नोझल बसले, फ्युएल पंपही घासलाय. शेतकरी म्हणाला, "सायबानू, पंपवाल्यान आमका फसयल्यान. ह्या डिझेलात रॉकेल आसा."

तो काळ भेसळीचाच होता. रेशनचे रॉकेल स्वस्त, डिझेल महाग. मलाही ते पटले. शेजाऱ्याचा टिलर दुसऱ्या पंपाच्या डिझेलवर व्यवस्थित चालला होता, आणखी पुरावा तो काय हवा? आम्ही तडक पंपावर गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर मी त्या मालकाला नको ते बोललो.

मालक वयाने मोठे होते. ते चिडले नाहीत. त्यांनी काचेचे उंच भांडे आणले, आमच्यासमोर नोझलमधून डिझेल काढले, त्यात हायड्रोमीटर सोडला, तापमान बघितले, तक्ता बघितला आणि वहीतला आकडा दाखवला. आकडा जुळत होता. मग म्हणाले, "साहेब, आता यांच्या घरच्या पिंपातले डिझेल बघू."

पिंप खळ्याच्या कडेला उभे होते. वरच्या बुचाभोवती पावसाचे पाणी साचले होते. तळातून नळीने काचेच्या बाटलीत काढले, तेव्हा बाटलीच्या तळाशी दोन बोटे पाणी आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर काळपट चिकटा दिसला. पंपावरून आणलेले चांगले डिझेल त्या पिंपात ओतले जाई आणि तेथून टिलरमध्ये जाई. शेजारी कॅनमधून थेट टाकीत भरत होता, म्हणून त्याचा टिलर चालला.

दुसऱ्या दिवशी मी त्या पंपावर जाऊन माफी मागितली. शेतकऱ्याचे नुकसान मात्र भरून आले नाही. दुरुस्तीचा खर्च झालाच, शिवाय लावणी आठवडाभर मागे पडली.

निघताना माल सारखाच

आपल्या जिल्ह्यात रिफायनरी नाही. सगळे डिझेल बाहेरून टँकरने येते. देशात विकल्या जाणाऱ्या डिझेलला भारतीय मानक ब्युरोचे आय.एस. १४६० हे मानक लागू आहे, मग पंप कणकवलीचा असो, मालवणचा असो की पेडण्याचा. गोव्यात भाव कमी असतो तो राज्याच्या करामुळे, माल हलका म्हणून नव्हे.

कंपनीचेही तसेच. तेल कंपन्या आपसात मालाची देवघेव करतात. ज्या भागात एखादीचा डेपो जवळ नाही, तेथे ती दुसरीच्या डेपोतून माल उचलते. म्हणजे पंपावर पाटी एकीची आणि डिझेल दुसरीच्या रिफायनरीचे, असे घडू शकते. जादा दराच्या डिझेलात कंपनी स्वतःची काही रसायने मिसळते, तेवढा फरक. आपल्या साध्या पंपसेटला किंवा टिलरला त्याची गरज नाही.

काही लहान फरक नैसर्गिक असतात. कच्चे तेल कुठले, रिफायनरी कुठली, यावर रंग व घनता थोडी बदलते. म्हणून नुसत्या रंगावरून डिझेल चांगले की वाईट ते ठरवू नये. मानकाप्रमाणे डिझेलात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालते, ही गोष्टही ध्यानात ठेवा. बायोडिझेल दमट हवेतील ओल जास्त धरते, म्हणून डिझेल साठवताना पूर्वीपेक्षा जास्त काळजी हवी.

गंधकाचे प्रमाणही आता फार कमी झाले आहे. २०१० च्या सुमारास देशाच्या बहुतेक भागांत दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चाले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर ५० आणि १ एप्रिल २०२० पासून, म्हणजे बीएस-६ आल्यावर, फक्त १० भाग. "नवे डिझेल कोरडे झाले" असे जुने मेस्त्री म्हणतात, त्यात थोडे तथ्य आहे. गंधक काढताना डिझेलचा अंगचा वंगणपणा कमी होतो. पण तो भरून काढणारे द्रव्य कंपनी आधीच घालते. आपण वरून ऑइल किंवा रॉकेल ओतण्याचे कारण नाही.

मग फरक पडतो कुठे?

टँकरमध्ये, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत आणि आपल्या पिंपात. यांत दोन शत्रू आहेत, एक भेसळ आणि दुसरे पाणी.

भेसळीचा इतिहास आपल्या राज्यात रक्ताने लिहिला गेला आहे. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाचा मोठा डेपो आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तेथे टँकरमधून चाललेला काळाबाजार पाहिला आणि तो रोखण्यासाठी ते थांबले. त्यांना भरदिवसा जाळून मारण्यात आले. आपण पंपावर घनता तपासून मागतो तेव्हा कुणी "कशाला एवढी चौकशी?" म्हटले, तर हा माणूस आठवावा. स्वस्त रॉकेल आणि महाग डिझेल यांतील फरकावर तो धंदा उभा होता. पुढे रॉकेलवरचे अनुदान संपत गेले, रेशनचे निळे रॉकेल घटत गेले आणि त्या भेसळीतला नफाही घटला. भेसळ संपली असे कुणी समजू नये. हल्ली "बायोडिझेल" अशी पाटी लावून भलतेच औद्योगिक तेल विकल्याची प्रकरणे पकडली गेली आहेत. पंपापेक्षा बरेच स्वस्त आणि पावतीशिवाय मिळणारे तेल टिलरच्या टाकीत घालू नका.

पण किनाऱ्यावरच्या आपल्या मुलखात मोठा शत्रू पाणीच. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खाऱ्या हवेचा दमटपणा. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या भागात दमट हवा भरते. रात्री पत्रा थंड झाला की त्या हवेतले पाणी आतून थेंबाथेंबाने सुटते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसते. त्या पाण्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि डिझेलवर पोट भरतात. त्यांतली एक बुरशी तर रॉकेलची बुरशी म्हणूनच ओळखली जाते. बाटलीत मला दिसला तो काळपट चिकटा म्हणजे हीच वाढ.

इंजिनाला हे सोसत नाही. फ्युएल पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांतले अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात, ते अवघे दोन-तीन भाग असते. माणसाचा केस साधारण सत्तर भाग जाड असतो. एवढ्या नाजूक जागेला वंगण मिळते ते डिझेलचेच. तेथे पाणी शिरले की दट्ट्या घासतो, गंजतो आणि अडकतो.

म्हणून पंप निवडताना पाटी बघू नका, उठाव बघा. ज्या पंपावर गाड्यांची ये-जा जास्त, तेथे टाकीतला माल लवकर संपतो आणि ताजा येतो. हायवेवरचे डिझेल चांगले म्हणतात, त्याचे खरे कारण एवढेच. आडबाजूचा पंपही चांगला असू शकतो. मालक रोज सकाळी टाकीत काठी घालून पाणी तपासतो का, टाकीच्या तोंडाभोवती पावसाचे पाणी साचते का, एवढे बघा. आणि टँकर टाकीत खाली होत असेल तर त्या वेळी डिझेल घेऊ नका. तळचा गाळ ढवळलेला असतो.

पंपावर काय तपासून मागावे

प्रत्येक पंपावर दिवसाची घनता लिहिलेली असते. ती तपासून मागण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. टँकरच्या चलनावर १५ अंश तापमानाची घनता असते. टाकीतल्या मालाची घनता १५ अंशांवर आणून तिच्याशी ताडून पाहायची. घनमीटरला ३ किलोपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर शंका घ्यावी.

उदाहरण देतो. चलनावर ८३२ आहे. तुमच्यासमोर ३० अंश तापमानाला हायड्रोमीटरने ८२१-८२२ दाखवले, तर घाबरू नका. डिझेल तापले की फुगते आणि दर अंशाला घनता सुमारे पाऊण किलोने उतरते. तक्त्यातून १५ अंशांवर आणली की ती पुन्हा ८३२ च्या जवळ येईल. मात्र तक्त्यातून आणूनही ८२७ आली, तर विचारायला हवे.

या तपासणीलाही मर्यादा आहे. रॉकेलची घनता साधारण ८०० धरा. दहा भागांत एक भाग रॉकेल मिसळले तरी ८३२ चे सुमारे ८२९ होते, म्हणजे जेमतेम मर्यादेवर. थोडी भेसळ घनतेत सापडत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. आणि कागदावर थेंब टाकून डाग बघण्याची परीक्षा पेट्रोलची आहे. डिझेलचा डाग कागदावर राहतोच, त्यावरून काही ठरत नाही.

मापाची शंका असेल तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले ५ लिटरचे माप पंपावर असते, ते भरून दाखवायला सांगा. ५ लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक मान्य आहे. पहाटे गारव्यात भरले की डिझेल जास्त मिळते, हा समज सोडून द्या. टाकी जमिनीखाली असते, तेथले तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही.

घरची परीक्षा, घरची काळजी

सगळ्यांत सोपी परीक्षा काचेच्या बाटलीची. स्वच्छ, कोरडी, पारदर्शक बाटली घ्या. कॅनमधले डिझेल भरा आणि एक रात्र हलवल्याशिवाय ठेवा. सकाळी उजेडाकडे धरा. चांगले डिझेल स्वच्छ आणि चकचकीत दिसते. ढगाळ दिसले तर त्यात ओल आहे. तळाशी वेगळा थर किंवा गोल थेंब दिसले तर ते पाणी. मग पिंपाच्या तळाचा नमुना काढून तसाच बघा. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या की दोष पंपाचा की पिंपाचा ते कळते.

साठवणीचे नियम थोडे आहेत, पण ते पाळा.

एक, पिंप उघड्यावर ठेवू नका. मांगरात किंवा पडवीत, जमिनीपासून वर लाकडावर ठेवा. आडवे ठेवलेत तर दोन्ही बुचे एका पातळीत, डाव्या-उजव्या बाजूला येऊ द्या. उभे ठेवावे लागले तर एका बाजूखाली लाकूड सारून ते कलते करा आणि बुचे उंच बाजूला ठेवा, म्हणजे बुचावर पाणी साचणार नाही.

दोन, तळातून डिझेल काढू नका. नळी तळापासून तीन-चार बोटे वर राहू द्या. तळचे पाणी-गाळ महिन्यातून एकदा वेगळे काढा. ते विहिरीजवळ किंवा वहाळात ओतू नका.

तीन, जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पिंप डिझेलला वापरू नका. डिझेलशी जस्ताची प्रक्रिया होऊन साबणासारखा पदार्थ तयार होतो आणि फिल्टर तुंबतो. पाण्याची, फवारणीच्या औषधाची कॅनही नको.

चार, बारीक जाळीचे नरसाळे वापरा. जुन्या लुगड्याच्या फडक्याचे धागे सुटतात आणि तेच पुढे फिल्टरमध्ये जातात.

पाच, टिलरची किंवा पंपसेटची टाकी संध्याकाळी काम संपल्यावर, इंजिन गार झाल्यावर भरा. रात्रभर टाकी भरलेली राहिली तर आत दमट हवेला जागाच उरत नाही.

सहा, लागेल तेवढेच आणा. पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांपेक्षा जुने डिझेल ठेवू नका. पिंपावर तारीख लिहा.

हा शेवटचा नियम आपल्याकडे फार मोडला जातो. जुलैत लावणी आटोपली की टिलर मांगरात जातो, तो वायंगणीच्या वेळेलाच बाहेर येतो. टाकीत अर्धे डिझेल तसेच असते. मच्छीमार बांधवांचेही तेच. जूनपासून मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात पहिली फेरी. टाकीच्या तळाशी दोन-अडीच महिन्यांचे पाणी साचलेले. शेतात इंजिन बंद पडले तर चार दिवस वाया जातात. देवगड-मालवणसमोर वाऱ्यात बंद पडले तर जिवाशी गाठ असते. म्हणून पहिल्या फेरीआधी टाकीचा तळ मोकळा करा, फिल्टर बदला आणि किनाऱ्याजवळ तासभर इंजिन चालवून बघा.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले आणि पुष्कळ गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. विहिरीवरचे जुने डिझेल पंपसेट त्या वेळी लोकांनी बाहेर काढले. ज्यांनी जुनेच डिझेल वापरले त्यांतल्या काहींची इंजिने दहा मिनिटांत थांबली. माणसांना प्यायला पाणी हवे आणि पंप बंद, अशी वेळ पुन्हा यायला नको.

दोष खरोखर पंपाचा असेल तर

तसेही घडते. एका अतिवृष्टीच्या दुसऱ्या दिवशी एकाच पंपावर भरलेली तीन-चार वाहने थोड्या अंतरावर बंद पडल्याचे मी पाहिले आहे. टाकीच्या तोंडातून पाणी आत गेले होते. ओळखायची खूण हीच. एकाच दिवशी, एकाच पंपाचे, अनेकांचे इंजिन बिघडले तर दोष बहुधा पंपाचा. फक्त आपलेच बिघडले तर आधी आपले पिंप, फिल्टर आणि हवेची गाळणी बघावी. काळा धूर येतो तो पुष्कळदा तुंबलेल्या हवेच्या गाळणीमुळे. त्याचा राग डिझेलवर काढू नये.

शंका पक्की असेल तर भांडण करू नका, पुरावा करा. पावती दर वेळी घ्या. संशयित डिझेल स्वच्छ बाटलीत भरून, बूच घट्ट लावून, तारीख-वेळ लिहून ठेवा. इंजिनातून काढलेला फिल्टर फेकू नका. पंपावरच्या तक्रारवहीत लिहा, कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याला कळवा, तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मोटार स्पिरिट व हायस्पीड डिझेल याबाबतचा केंद्राचा २००५ चा आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली काढलेला आहे, म्हणजे भेसळ करणाऱ्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते. पण अधिकाऱ्याच्या हाती पुरावा हवा. नुसत्या बोलण्यावर खटला उभा राहत नाही.

त्या पंपाचे मालक नंतर माझे चांगले स्नेही झाले. शेतकऱ्याने पिंप मांगरात नेले आणि पुढची कित्येक वर्षे त्याचा टिलर चिखलणीत थांबला नाही. माझ्या फिरतीच्या पिशवीत मात्र तेव्हापासून काचेची एक रिकामी बाटली कायम असते. तुम्हीही आज रात्री पिंपाच्या तळाचे डिझेल एका बाटलीत भरून ठेवा आणि उद्या सकाळी बघा. काय दिसले ते पत्राने जरूर कळवा.

पुढच्या लेखात टिलरचे फिल्टर बदलणे आणि एअर काढणे घरच्या घरी कसे करावे, ते पाहू.